आधी पाणी, मग हात

खंडेनवमीच्या दिवशी उजाडायच्या आत गावोगावच्या वॉशिंग सेंटरसमोर रांग लागते. हा अवजारांच्या पूजेचा दिवस, आणि ज्याचं पोट चाकांवर चालतं त्याचं अवजार म्हणजे त्याची गाडी. ट्रॅक्टर, टेम्पो, रिक्षा, काळी-पिवळी जीप, हप्ते फिटायचे असलेली नवी एसयूव्ही, सगळ्या एकाच रांगेत उभ्या असतात. दुपारपर्यंत झेंडूची माळ चढायला हवी, म्हणून प्रत्येकाला घाई असते.

नेमक्या याच दिवसांत गाड्यांचे दर्शनी भाग सर्वांत वाईट अवस्थेत असतात. पाऊस ओसरलेला असतो, शेतं उभी असतात, संध्याकाळी हवेत ऊब आणि ओल दोन्ही असते. नवरात्राच्या निमित्ताने कुणी कोल्हापूर करून आलेलं असतं, कुणी तुळजापूर, कुणी माहूर. रात्रीचा प्रवास झालेला असतो. बंपर, बोनेटची पुढची कड, आरशांची पाठ आणि नंबरप्लेट यांवर पिवळे, तपकिरी, पांढुरके शिंतोडे वाळून बसलेले असतात. मध्येच एखादा पंख, एखादी तंगडी.

पाण्याचा फवारा बसतो, फेस चढतो, पुन्हा पाणी. चिखल वाहून जातो, किडे तसेच राहतात. रांग मागे वाढत असते. मग धुणारा मुलगा घासणीची खरबरीत बाजू घेतो आणि जोर लावतो. डाग जातात, मालक खूश होतो, गाडी पूजेला निघते. त्या रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गाडी उभी राहिली की बोनेटवर बारीक चऱ्यांची जाळी चमकते. ती किड्यांनी काढलेली नसते. ती घासण्यानं पडलेली असते, आणि तिच्यापासून गाडी वाचवणं फार सोपं आहे. हा लेख त्यासाठीच लिहिला आहे.

रस्त्यावर कोण आदळतं

महाराष्ट्रात किड्यांचा मोसम एक नाही, अनेक आहेत. पहिला वळवाचा. मे-जूनमध्ये जमीन भिजली की हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून वर येतात आणि कडुनिंब-बाभळीकडे उडतात. सांगली-सातारा-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात शेतकरी त्यांच्यासाठी प्रकाश सापळे लावतात. या भुंगेऱ्यांच्या पाठीवर टणक कवच असतं. गाडीवर आदळल्यावर त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे बंपरला चिकटून राहतात. त्याच सुमारास पहिल्या पावसानंतर वाळवीची पंखवाली पिढी थव्यांनी बाहेर पडते. तिच्या अंगात चरबी भरपूर, म्हणून काचेवर तिचा डाग तेलकट पसरतो आणि वायपर फिरवला की आणखी पसरतो.

दुसरा मोसम भाताचा. कोकणात, मावळात भात निसवला की हिरवे तुडतुडे दिव्यांभोवती गोळा होतात. दिवाळीच्या पणत्यांभोवतीही ते दिसतात. एकेकटा किडा तिळाएवढा, पण संख्या एवढी की बंपरवर हिरवट थरच बसतो. तिसरा मोसम रात्रीच्या पतंगांचा: कपाशीवरच्या बोंडअळीचे, मक्यावरच्या लष्करी अळीचे. ही अमेरिकी लष्करी अळी भारतात पहिल्यांदा आढळली २०१८ साली.

आणि दिवसा चतुर. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माळरानावर, रस्त्यांच्या कडेला त्यांचे थवे तरंगत असतात. त्यांतला पिवळसर चतुर, शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स, जगातल्या मोठ्या प्रवाशांपैकी एक. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं, की हे चतुर भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. समुद्र पार करायला निघालेला हा जीव वाटेत आपल्या बोनेटवर संपतो.

समृद्धी महामार्गानं या सगळ्यात भर घातली. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता दहा जिल्ह्यांतून जातो. नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा जून २०२५ मध्ये. वर्धा-अमरावती-वाशिमच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन, तूर असते आणि गाड्यांना वेगमर्यादा आहे ताशी १२० किलोमीटरची. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. ताशी १०० ऐवजी १२० चा वेग धरला तर प्रत्येक किडा ४४ टक्के अधिक ऊर्जेनं आदळतो. शहरातल्या वेगात हवेच्या झोतासरशी बोनेटवरून वर जाणारा किडा इथे फुटतो. नागपूरहून रात्री निघालेली गाडी सकाळी इगतपुरीच्या बाजूला उतरते तेव्हा तिचं तोंड पाहून रस्त्याकडेला काय पिकतंय याचा अंदाज करता येतो.

रंगाची जाडी

गाडीचा रंग म्हणजे एक थर नव्हे. पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया, त्यावर विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर. डेंटिंग-पेंटिंगवाले त्याला नुसतं 'क्लिअर' म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतं, म्हणजे मिलिमीटरचा एक दशांश किंवा थोडं जास्त. त्यात क्लिअरचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉन. चकाकी त्याची आणि उन्हापासूनचं संरक्षणही त्याचंच, कारण अतिनील किरण शोषणारी द्रव्यं त्यातच मिसळलेली असतात. ही जमापुंजी एकदाच मिळते. प्रत्येक बफिंगला तिच्यातले काही मायक्रॉन खर्च होतात आणि ते परत भरता येत नाहीत. ती संपली की छतावर आणि बोनेटवर पांढुरकी खपली सुटलेल्या गाड्या आपण रस्त्यावर पाहतोच.

क्लिअर टिकाऊ असलं तरी कठीण नाही. रस्त्याच्या धुळीत गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा चुरा असतो. खनिजांची कठीणता मोजायच्या मोह्सच्या पट्टीवर क्वार्ट्झ ७ वर आहे. साध्या पोलादी सुरीनेही त्यावर ओरखडा उठत नाही. असा एक कण फडक्यात अडकला आणि फडकं बोनेटवर फिरलं, की त्या कणाची वाट क्लिअरवर उमटते. किड्यांचा डाग घासताना हा कण हमखास असतो, कारण चिकट डागावर धूळ बसूनच तो वाळलेला असतो. भुंगेऱ्याच्या कवचाचे तुकडे त्यात भर घालतात.

दिव्याखाली दिसणाऱ्या जाळीबद्दल एक गोष्ट कळली की नजर बदलते. ते चरे गोल दिसतात, पण बहुतेक गोल नसतात. ते सगळ्या दिशांना गेलेले असतात. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे चरे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. म्हणजे दिवा जिथे न्याल तिथे जाळी दिसेल. चरे सगळीकडे आहेत, दिसतात तेवढे थोडे.

डाग एवढा चिकटतो कशानं

किड्याच्या अंगातला द्रव आपल्या रक्तासारखा लाल नसतो. त्याला हिमोलिंफ म्हणतात. त्यात प्रथिनं असतात, शर्करा असते, आणि जखम झाली की ती बुजवायची यंत्रणाही असते. किड्याला खरचटलं की हवेच्या संपर्कात काही विकरं जागी होतात, द्रव घट्ट होतो, काळपट पडतो आणि जखमेवर खपली धरतो. किड्याचा जीव वाचवणारी ही यंत्रणा तो बंपरवर फुटल्यावरही काम करते. चिकट द्रव रंगावर पसरतो, घट्ट होतो, पाणी उडून जातं आणि आक्रसत आक्रसत सुकतो.

विमानवाल्यांनी यावर गंभीरपणे काम केलं आहे. उड्डाण करताना आणि उतरताना पंखांच्या पुढच्या कडेला चिकटलेले किडे पंखावरून सरळ वाहणारी हवा विस्कटतात, आणि त्यासाठी इंधन जास्त जळतं. अमेरिकेच्या नासानं २०१५ मध्ये लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट इथे बोइंगच्या ७५७ विमानावर न चिकटणारे लेप लावून उड्डाणं केली, तीही किड्यांच्या मोसमात. त्यांतल्या सर्वांत चांगल्या लेपानं शेजारच्या साध्या पृष्ठभागाच्या तुलनेत किड्यांची संख्या आणि डाग सुमारे ४० टक्क्यांनी कमी केले. इतक्या खटाटोपानंतरही डाग शून्यावर आले नाहीत. गाडीवर काही लावलं की किडे चिकटणारच नाहीत, असं सांगणाऱ्या दुकानदारासमोर हा आकडा आठवावा.

चिकटणं हा अर्धा त्रास. उरलेला अर्धा उन्हाचा. गडद रंगाचं बोनेट दुपारच्या उन्हात ७० अंश सेल्सियसपर्यंत तापतं. क्लिअर गरम होऊन थोडं मऊ पडतं, सुकत जाणारा डाग त्याला ओढून धरतो, आणि डागातली आम्लं त्या तापमानात जोमानं काम करतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडात मे आणि सप्टेंबरमध्ये 'लव्हबग' नावाच्या काळ्या माश्यांचे जोडीनं उडणारे थवे महामार्गांवर येतात. त्यांचे अवशेष काही दिवस तसेच राहिले तर रंगाला खड्डे पडतात, हे तिथल्या चालकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

याचं सर्वांत बारकाईनं तपासलेलं उदाहरण ब्राझीलचं, आणि त्याचं नातं आपल्या चतुरांशी आहे. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश एका विशिष्ट तऱ्हेनं ध्रुवीभूत असतो, आणि चतुर त्यावरून पाणी ओळखतात. चकचकीत गडद गाडीवरूनही तसाच प्रकाश परततो. हंगेरीतल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं, की काळ्या आणि लाल गाड्या पाण्यातल्या कीटकांना म्हणूनच फसवतात. बोनेटला तळं समजून चतुराची मादी त्यावर अंडी घालते. साओ पाउलो विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी २००० साली या अंड्यांनी क्लिअरवर पाडलेल्या खुणा तपासल्या. अंड्याचं कवच टणक होताना त्यातल्या गंधकयुक्त घटकापासून तीव्र आम्ल तयार होतं आणि तापलेल्या रंगातले रासायनिक बंध ते तोडतं. परिणाम सल्फ्युरिक आम्लाच्या थेंबांसारखाच. त्यांच्या प्रयोगांमध्ये उष्णतेशिवाय हे नुकसान होत नव्हतं. ऊन आणि वेळ मिळाले की किड्याचा डाग रंगात शिरतो. दोन्ही मिळू दिले नाहीत तर तो वरच राहतो आणि पाण्यानं निघतो.

म्हणून पहिला नियम वेळेचा. रात्रीचा प्रवास करून आलात तर सकाळचं ऊन चढायच्या आत गाडी भिजवा. पूर्ण धुणं नंतर झालं तरी चालेल.

काढायचं कसं

रात्रीचं खरकटं ताट सकाळी कुणी सुकं घासत नाही. पाणी ओतून ठेवतो आणि तासाभरानं भात आपोआप सुटतो. किड्यांचं तेच आहे. वाळलेल्या प्रथिनांना पाणी प्यायला वेळ दिला की ती फुगतात आणि पकड सोडतात. कवच आणि पंख पाण्यात विरघळत नाहीत, पण त्यांना धरून ठेवणारा द्रव मऊ झाला की ते उचलून येतात.

गाडी सावलीत घ्या आणि बोनेटवर तळहात ठेवून पाहा. हाताला चटका बसत असेल तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर पाणी आणि साबण लगेच सुकतात आणि एकाच्या जागी दोन डाग होतात. पत्रा निवाला की वरून खाली साधं पाणी सोडा. या पायरीवर फडकं हातात घ्यायचं नाही. सुटी धूळ हाताशिवाय जाऊ द्या.

मग एक जुना मऊ टॉवेल किंवा मायक्रोफायबरचं मोठं फडकं पाण्यात बुडवून, न पिळता, बंपरवर आणि बोनेटच्या कडेवर अंथरा. बंपर उभा असल्यामुळे पाणी त्यावर टिकत नाही, म्हणूनच नुसत्या फवाऱ्यानं काम होत नाही. ओलं फडकं पाणी धरून ठेवतं. दहा मिनिटं राहू द्या, मधेच सुकायला लागलं तर वरून पाणी घाला. पाण्यात गाडीच्या शाम्पूचा थेंब असला तर उत्तम, कारण त्यानं पाणी डागाच्या आत लवकर शिरतं.

त्यानंतर फडकं हलकेच दाबा आणि एका दिशेनं उचलत आणा. गोल फिरवू नका, पुढे-मागे घासू नका. डाग फडक्यात आला की घडी उलटून स्वच्छ बाजू घ्या. निम्मे डाग पहिल्या खेपेत जातात. उरलेल्यांवर पुन्हा ओलं फडकं, पुन्हा दहा मिनिटं. हात जड करायचा मोह होतो तो इथेच. जोर लावण्याऐवजी वेळ वाढवा.

तरीही राहिलेल्या डागांसाठी किडे काढायचे फवारे बाजारात मिळतात. त्यांतले काही प्रथिनं सैल करणाऱ्या विकरांवर चालतात, काही साबणासारख्या अल्कली द्रव्यांवर. डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, सुकू देऊ नका आणि भरपूर पाण्यानं धुवा. आधी बंपरच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहा. गाडीचा एखादा भाग नुकताच रंगवून घेतला असेल तर त्याला कोणतंही रसायन लावण्याआधी रंगवणाऱ्याला विचारा. ताजा रंग पूर्ण पक्का व्हायला आठवडे लागतात.

किडे निघाल्यावर पूर्ण गाडी धुवायची, आणि त्यासाठी दोन बादल्या घ्यायच्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं गाडीवर फिरवलं की आधी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचं आणि मगच शाम्पूत बुडवायचं. संध्याकाळी साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी बसलेला गाळ पाहा. एका बादलीत धुतलं असतं तर तो सगळा बोनेटवर परत गेला असता. छत, काचा, बोनेट असं वरून खाली या. चाकं आणि त्यांच्या कमानी शेवटी, वेगळ्या फडक्यानं.

बोअरवेलच्या पाण्यानं धूत असाल, आणि मराठवाडा-विदर्भात बहुतेक जण धुतातच, तर गाडी आपोआप सुकू देऊ नका. जड पाण्यातले क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात मागे राहतात आणि ऊन लागलं की तेही पक्के होतात. मऊ कोरड्या टॉवेलनं पाणी टिपून घ्या. घासायचं नाही, टॉवेल टेकवायचा आणि उचलायचा.

हात आवरायच्या जागा

घरातल्या ज्या वस्तू या कामाला हमखास लागतात, त्यांतल्या बहुतेक दूर ठेवायच्या. भांड्यांची घासणी, काथ्या, तारेचा चोथा तर नकोच. कपड्यांची पावडर अल्कलीयुक्त असते, ती मेणाचा थर काढून टाकते. भांड्यांचा द्रव साबणही चरबी कापण्यासाठीच बनवलेला असतो, आणि गाडीवरचं मेण त्याच्या दृष्टीनं चरबीच. रॉकेल, पेट्रोल आणि थिनरनं डाग जातो हे खरं, पण रबर सुकतं, प्लॅस्टिक फुगतं, आणि आग लागण्याचा धोका असतोच. खाण्याचा सोडा दाणेदार असतो, तो पॉलिश पेपरचं काम करतो. सिग्नलवर मिळणारं पिवळं फडकं कोऱ्या गाडीच्या डॅशबोर्डला ठीक, बोनेटला नाही.

महामार्गावरच्या पंपावर गाडी थांबली की एखादा मुलगा फडकं घेऊन पुढे येतो. त्याला पैसे जरूर द्या, पण बोनेट पुसू देऊ नका. त्याच्या हातातलं फडकं आत्ताच एखाद्या ट्रकचा चिखल पुसून आलेलं असतं. काच मात्र पाणी मारून पुसून घ्यायला हरकत नाही. प्रवासात एक पाण्याची बाटली आणि झिपच्या पिशवीत ओलं मायक्रोफायबर ठेवलं, तर चहाच्या थांब्यावर ते पाच मिनिटं बंपरवर टाकता येतं. ताजे डाग एवढ्यानेच सुटतात.

प्रेशर गनबद्दल दोन शब्द. तिचा झोत किडे उडवतो, पण जवळून मारला तर रंगाच्या आधीच उचललेल्या कडाही उडवतो. लांबीवर रंगवलेली जागा, दगड लागून टवका उडालेली जागा आणि चिकटवलेली फिल्म यांना धोका सर्वांत जास्त. नोझल किमान दीड फूट लांब ठेवायला सांगा, आणि आधी फडकं अंथरायचं असेल तर तेही सांगा. वॉशिंग सेंटरवरचे मुलगे दिवसभर उन्हात, पाण्यात उभे राहून काम करतात. त्यांचा मोबदला गाडीमागे ठरलेला असतो, भिजवण्यासाठी लागणाऱ्या दहा मिनिटांचा नव्हे. ती दहा मिनिटं हवी असतील तर त्यांचे पैसे द्यायची तयारीही हवी. खंडेनवमीच्या रांगेत हे शक्य नसेल तर आदल्या संध्याकाळी घरीच किडे काढून घ्या आणि सेंटरला फक्त धुवायला न्या. पूजेनंतर बोनेटवरचं हळदकुंकूही कोरड्या फडक्यानं झटकू नका, पाण्यानं वाहून जाऊ द्या.

काच, दिवे आणि जाळी

रंगाइतकंच महत्त्व पुढच्या काचेचं, कारण तिथे प्रश्न जिवाचा आहे. कोरड्या काचेवर वायपर फिरवला की प्रथिनांचा पातळ पापुद्रा काचभर पसरतो आणि समोरच्या गाडीचा प्रकाशझोत त्यावर फुटतो. आधी वॉशरचं पाणी भरपूर मारा, क्षणभर थांबा, मग वायपर. वॉशरच्या टाकीत साध्या पाण्याऐवजी काचेसाठीचं द्रव मिसळून ठेवा. वायपरचं रबरही ओल्या फडक्यानं पुसा. त्याच्या कडेला वाळलेला पंख चिकटला तर तो रोज एक रेघ ओढत राहतो.

हेडलाइट आता काचेचे नसतात, पॉलिकार्बोनेटचे असतात. त्यावर कठीण लेप असतो आणि तो पेट्रोल-थिनरनं किंवा घासणीनं गेला की दिवा पिवळा पडतो. बंपरसारखंच तिथेही ओलं फडकं. दुचाकीवाल्यांच्या हेल्मेटची काच बहुधा त्याच प्लॅस्टिकची. ओला टिश्यू अंथरून ठेवला की किडे अलगद येतात, शर्टाच्या बाहीनं पुसलं की रात्री समोर दिव्याभोवती तारे दिसू लागतात.

नव्या गाड्यांमध्ये आपोआप ब्रेक लावणारे कॅमेरे आणि रडार असतात. कॅमेरा पुढच्या काचेच्या वरच्या भागात, रडार बंपरच्या किंवा बोधचिन्हाच्या मागे. त्यांच्यासमोर किड्यांचा थर बसला की ती यंत्रणा तात्पुरती बंद पडते आणि तसा इशारा मीटरवर येतो. बंपरच्या जाळीतून डोकावून पाहा: एसीचा कंडेन्सर आणि मागचा रेडिएटर यांच्या बारीक पट्ट्यांत किडे अडकलेले असतात. हवा अडली की एसी थंड करत नाही. या पट्ट्या हातानंही वाकतात, म्हणून प्रेशर गन नाही. साध्या नळाचं मंद पाणी पुरतं.

डाग गेला, खूण राहिली

कधी कधी किडा निघतो आणि त्याच्या आकाराची फिकट सावली उरते. बोट फिरवून पाहा. हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून बोट फिरवलं तर नुसत्या त्वचेला न जाणवणारा खरबरीतपणाही जाणवतो. खरबरीत लागलं तर डाग अजून वर आहे, पुन्हा भिजवा. चिकाटीनं बसलेले कण काढायला डिटेलिंगवाले चिकणमातीसारखा गोळा वापरतात. तोही भरपूर निसरडं द्रव मारूनच फिरवायचा, नाहीतर तोच चरे पाडतो. पृष्ठभाग गुळगुळीत लागला आणि खूण तरीही दिसत असेल, तर ती क्लिअरमध्ये उतरली आहे. आता हलकं पॉलिश लागेल, आणि ते करण्याआधी रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावणारा कारागीर शोधा. न मोजता बफिंग मशिन चालवणाऱ्याच्या हाती आपले मायक्रॉन देऊ नका. मॅट रंगाच्या गाडीला तर पॉलिश अजिबात नाही, चकाकीचा ठिपका कायमचा पडतो.

संरक्षणाचे तीन प्रकार आहेत. मेण सर्वांत स्वस्त. त्यातलं नावाजलेलं कार्नौबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं, आणि आपल्या उन्हात काही आठवडे ते काही महिने टिकतं. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं आणि पाणी थांबू देत नाही. पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म सर्वांत महाग, पण दगडाचा मारही झेलते. तिन्हींनी किडा आदळायचा थांबत नाही. डाग रंगाऐवजी दुसऱ्या थरावर बसतो आणि सुटायला सोपा होतो, एवढाच त्यांचा लाभ, आणि तो पुरेसा आहे. समृद्धीवर नेमानं जाणाऱ्यानं दसऱ्याआधी बंपर, बोनेट आणि आरशांना नुसतं मेण लावलं तरी नंतरचं निम्मं काम वाचतं.

पुसण्याआधी एकदा मोजा

भिजवण्याच्या त्या दहा मिनिटांत बंपरकडे नीट पाहायला मिळतं, आणि तिथे जे दिसतं त्याची किंमत शास्त्रज्ञांना कळली आहे. ब्रिटनमध्ये पक्षीसंवर्धनाच्या रॉयल सोसायटीनं २००४ मध्ये सुमारे ४०,००० वाहनचालकांना पोस्टकार्डाएवढी फिल्म नंबरप्लेटवर लावायला दिली आणि प्रवासानंतर तिच्यावरचे किडे मोजायला सांगितले. ३,२४,८१४ किडे मोजले गेले. सरासरी आली आठ किलोमीटरला एक. केंट परगण्यातल्या वन्यजीव संस्थेनं २०२१ मध्ये तशीच मोजणी पुन्हा केली, तेव्हा संपूर्ण ब्रिटनमधली संख्या ५८.५ टक्क्यांनी घटलेली आढळली. डेन्मार्कचे संशोधक अँडर्स पापे म्योलर यांनी १९९७ ते २०१७ अशी वीस वर्षं ठरलेल्या दोन रस्त्यांवर गाडीच्या काचेवरचे किडे मोजले. एका रस्त्यावर घट ८० टक्के, दुसऱ्यावर ९७. जर्मनीत क्रेफेल्डच्या हौशी कीटकअभ्यासकांनी ६३ संरक्षित ठिकाणी सापळे लावून २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं वजन तीन चतुर्थांशांनी घटल्याचं २०१७ मध्ये दाखवलं, आणि जग हादरलं.

हे किडे म्हणजे फक्त डाग नव्हेत. पतंग रात्री परागीभवन करतात, चतुर डास खातात, वाळवी मेलेल्या लाकडाची माती करते, आणि पहिल्या पावसात कोतवाल, वेडे राघू, पाली, बेडूक या सगळ्यांना त्या थव्यांवर पोट भरता येतं. कपाशीच्या पट्ट्यातून रात्रभर गाडी हाकूनही ज्या दिवशी बंपर कोरा येईल, तो दिवस गाडीवाल्याला सोयीचा आणि शेतकऱ्याला महागाचा असेल.

आपल्याकडे ही मोजणी करायला खर्च नाही. प्रवासाआधी नंबरप्लेट ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसा. निघताना आणि पोचल्यावर किलोमीटर, वेळ आणि रस्ता वहीत लिहा. पोचल्यावर प्लेटचा फोटो काढा, डाग मोजा आणि मगच ओलं फडकं अंथरा. एसटीचे चालक, दूध आणि भाजी नेणारे टेम्पोवाले, शाळेच्या बसवाले रोज एकाच रस्त्यानं जातात. त्यांच्या नोंदी तर सोन्याच्या ठरतील. शाळा-महाविद्यालयांतल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांनी हा उपक्रम हाती घेतला, तर एका मोसमात चांगली सुरुवात होईल आणि दहा मोसमांत आपल्या मातीतला पुरावा उभा राहील.

गाडी ही मध्यमवर्गाच्या आणि कष्टकऱ्यांच्या घरातली, घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी असते. तिचा रंग जपणं हा दिखावा नाही, कष्टाच्या पैशाचा मान आहे. आणि तो जपायला महागडं द्रव लागत नाही. सावली, भरपूर पाणी, एक मऊ फडकं आणि दहा मिनिटांचा धीर पुरतो. येत्या सुट्टीत घरी पोचलात की सामान उतरवायच्या आधी बंपरवर ओला टॉवेल टाका. सामान वर नेऊन, चहा घेऊन खाली याल तोवर किडे सुटलेले असतील.